अण्णांनी विचारलेले शब्द

अण्णांचे पाय सुजायला लागले तेव्हा ते रोज जीप चालवत होते. औंढा ते वसमत, मध्ये आमचं शिरड शहापूर, अशी त्यांची काळी-पिवळी पळायची. सकाळी नागनाथाच्या दर्शनाला निघालेली माणसं, दुपारी बाजाराची, संध्याकाळी कॉलेजची पोरं. क्लच दाबताना चपलेचा पट्टा पायात रुतायला लागला तेव्हा त्यांनी तो ब्लेडने कापून टाकला आणि तसेच चालवत राहिले. मग तोंडावर सूज आली. जेवण जाईना. चार पावलं चालली तरी धाप लागायला लागली. हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना बाहेर बाकावर बसायला सांगितलं आणि मला एकटीला आत बोलावलं.

दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्यात, असं ते म्हणाले. कित्येक वर्षांचं ब्लड प्रेशर होतं, कुणी कधी मोजलंच नव्हतं. आता आठवड्यातून दोनदा मशीन लावून रक्त साफ करून घ्यावं लागणार.

“किती दिवस?” मी विचारलं.

“आता हे कायमचंच आहे,” डॉक्टर म्हणाले.

बाहेर आले तर अण्णा शेजारच्या माणसाला वसमतला जायला कुठली गाडी सोयीची ते सांगत होते. मला बघून थांबले. माझ्या तोंडावर काय होतं कुणास ठाऊक. “चल, अगुदर च्या पिऊ,” एवढंच म्हणाले.

मी त्यांची एकुलती एक. बी.ए. होऊन तलाठी भरतीचा अभ्यास करत होते. वसमतला एका अभ्यासिकेत जागा घेतली होती, सकाळी अण्णांच्याच जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून जायची. जीप विकली तेव्हा अभ्यासिकाही सुटली. मायला घर सोडून येता येत नव्हतं. घरची हळद होती, म्हैस होती, आणि मायला हिंगोलीत दवाखान्याचा कुठला दरवाजा कुठे उघडतो हेही उमगायचं नाही. त्यामुळे अण्णांना घेऊन जाणं माझ्याकडे आलं. सकाळची बस, औंढ्याला उतरून दुसरी बस, मग हिंगोली. मशीनवर चार-साडेचार तास. मग परत. त्यातला एक दिवस गेला की दुसरा दिवस अण्णांचा थकवा उतरण्यात जायचा आणि माझाही.

डायलिसिसची खोली लांबट होती. भिंतीला ओळीने खाटा, प्रत्येक खाटेच्या उशाशी एक मशीन. मनगटाच्या वर नस जोडलेली असते, तिथे दोन जाड सुया. तो हात अजिबात हलवायचा नाही. रक्त नळीतून मशीनमध्ये जाताना दिसतं आणि दुसऱ्या नळीतून परत येताना दिसतं. पहिल्या काही वेळा मी नुसती त्या नळ्यांकडे बघत बसले. पिशवीत शब्दसंग्रहाचं जाड पुस्तक होतं. मराठीचे प्रश्न त्यातून येतात म्हणून घेतलं होतं. ते मी बाहेर काढायची, मांडीवर ठेवायची आणि बंदच ठेवायची.

एके दिवशी अण्णा म्हणाले, “तुझं पुस्तक काहून बंद हाय?”

“वाचवत न्हाई हितं.”

“मंग आन इकडं. मी विचारतो, तू सांग.”

अण्णा नववीपर्यंत शिकलेले. बसच्या पाट्या, लग्नपत्रिका आणि पेपर एवढं त्यांचं वाचन. पोटावर पुस्तक उभं धरून, मोकळ्या हाताच्या अंगठ्याने पान दाबून ते वाचायला लागले. पहिलाच शब्द त्यांना अडला.

“जि... जीजी... हे काय लिवलंय? जीजीवि...”

“जिजीविषा.”

“मंजे?”

“जगायची इच्छा.”

अण्णा पुस्तकावरून माझ्याकडे बघत राहिले. “एवढ्या साध्या गोष्टीला एवढा वाकडा शब्द काहून केला?”

पलीकडच्या खाटेवरचे काका हसले. सिस्टर हसल्या. मी पण हसले आणि मग नळीचं काहीतरी बघायचं निमित्त करून मान वळवली.

त्या दिवसापासून ते दर खेपेचंच झालं. सुया टोचून झाल्या, मशीन सुरू झालं की अण्णा हात पुढे करायचे आणि मी पुस्तक द्यायची. पुस्तकात प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय होते. अण्णांनी ते वाचायचं पहिल्याच आठवड्यात बंद केलं.

“पर्याय सांगनार न्हाई. पर्याय ऐकला की तू अंदाज मारून राहिली.”

“परीक्षेत पर्याय असतात, अण्णा.”

“असू दे. हितं न्हाईत.”

त्यांच्याकडे उत्तर पडताळायला पुस्तकाच्या मागची पानं होती, पण तिकडे जायला एका हाताने जमायचं नाही. म्हणून ते माझ्या उत्तरावर जीपमधून फिरलेल्या माणसांची परीक्षा लावायचे. ‘मोजके बोलणारा’ याला मी ‘मितभाषी’ म्हटलं की म्हणायचे, “आपला तो गिरणीवाला. शिरडपासून औंढ्यापर्यंत नुसतं हूं. बराबर हाय.” ‘पाण्यात आणि जमिनीवर राहणारा’ म्हणजे उभयचर, तर त्यांना पायरीवर लटकून येणारे लोक आठवायचे, अर्धे गाडीत अर्धे रस्त्यावर. ‘केलेले उपकार विसरणारा’ याला मात्र त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. “असतात तसे, असू दे,” म्हणाले आणि पान उलटलं. मला शब्द पाठ करावे लागेनात. मितभाषी म्हटलं की गिरणीवाला दिसायचा आणि शब्द पक्का बसायचा.

नवे शब्द ते घरी घेऊन यायचे. एकदा संध्याकाळी माय एका हाताने चुलीतली लाकडं सारत होती, दुसऱ्या हाताने भाकरी उलटत होती आणि तोंडाने गोठ्यातल्या म्हशीला दटावत होती. अण्णा ओट्यावरून म्हणाले, “तुझी माय अष्टावधानी हाय.”

“सनासुदीच्या दिसात शिव्या देऊ नका,” माय म्हणाली.

“अगं, शिवी न्हाई. एका टायमाला आठ ठिकानी ध्यान असनारी.”

मायनं भाकरी टोपल्यात टाकली. “मंग नववं ध्यान तुमच्या पान्याच्या तांब्याकडं हाय. ठेवा तो खाली.”

पाण्याचं हेच होतं. दिवसभरात मोजून पाणी. लघवी होत नसल्यामुळे प्यालेलं सगळं अंगात साठतं आणि पुढच्या वेळी मशीनने ते ओढून काढताना पायांत गोळे येतात. आयुष्यभर तांब्यानं घटाघटा पाणी पिणारा माणूस आता वाटीत पाणी घेऊन बसायचा. घोट तोंडात धरून ठेवायचा, मग हळूच गिळायचा. उन्हात जीप उभी करून रस्त्यालगतच्या विहिरीवर जाणारे अण्णा मी पाहिले होते. त्यामुळे एके दिवशी पुस्तकात ‘पाणी’ या शब्दाचे समानार्थी शब्द आले तेव्हा मी पान उलटायला हात पुढे केला.

“सांग,” अण्णा म्हणाले.

“दुसरा विचारा.”

“सांग म्हनतो ना.”

“जल, नीर, उदक, तोय, सलिल...”

“आनखी दोन हायेत.”

“अंबू. जीवन.”

अण्णांनी पुस्तक पोटावर पालथं ठेवलं. “एवढ्या नावांनी हाका मारल्या, पन एक घोट आला न्हाई,” म्हणाले आणि मोठ्यानं हसले. खोलीतल्या सगळ्या खाटा हसल्या, कारण तहान सगळ्यांनाच होती.

आमच्यामुळे ती खोलीच हळूहळू या खेळात आली. पलीकडच्या खाटेवरचे काका औंढ्याकडच्या एका तांड्यावरून यायचे. ते आपल्या बायकोशी बंजाऱ्यांच्या गोरमाटीत बोलायचे आणि आमच्याशी मराठीत. प्रश्न अण्णांनी मला विचारला की उत्तर आधी तेच द्यायचे, बहुतेक वेळा चुकीचं, पण ठामपणे. एकदा ‘आई’चे समानार्थी शब्द चालले होते. माता, जननी, माउली, जन्मदा, असं मी सांगितलं.

“आन याडी?” काका म्हणाले.

“ते काय?”

“आमी मायला याडी म्हनतो. लिव्हा तुमच्या बुकात.”

अण्णा खरोखरच मला म्हणाले, “लिही.” मी समासात ‘याडी’ लिहिलं. काकांची बायको खाटेच्या पायाशी बसून तोंडाला पदर लावून हसत होती.

खिडकीजवळच्या खाटेवर हिंगोली शहरातल्या एक बाई होत्या, शिवणकाम करणाऱ्या. त्यांना आम्ही सगळे खाला म्हणायचो. त्या डोळे मिटून पडायच्या, झोपल्यात असं वाटायचं. एकदा परभाषेतून आलेल्या शब्दांचं पान निघालं. तारीख, वकील, दवाखाना, हकीकत, तकलीफ. अण्णांनी एकेक वाचला आणि मी ‘फारसी’, ‘अरबी’ असं सांगत गेले. खाला डोळे न उघडता म्हणाल्या, “दवाखाना भी हमारा, तकलीफ भी हमारी. तुम लोगों का क्या है इसमें?”

“खाला, हितं तर सगळ्यांचंच हाय,” अण्णा म्हणाले.

ते दिवस वाईट होते, पण आम्ही हसायचो हे खरं आहे. घरी आल्यावर मायला त्यातलं काही सांगितलं की ती नुसती बघायची. दवाखान्यात जाऊन बाप-लेक हसून येतात, हे तिला समजायचं नाही.

डॉक्टरांनी मध्ये एकदा किडनी बदलण्याचं सुचवलं. मोठ्या शहरात होतं, घरातल्या कुणी दिली तर बरं. माय लगेच तयार झाली. तपासणीत तिची साखर वाढलेली निघाली. तिला ते आधी माहीतच नव्हतं. तिचं जमणार नाही, असं सांगितलं. परत येताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती, जणू काही चोरी पकडली गेली आहे.

मग मीच राहिले. अण्णांना हे त्यांच्या खाटेवर सांगायचं नाही, एवढं मला कळत होतं. हिंगोलीच्या बस स्टँडवर, गाडीची वाट बघताना मी म्हटलं, “माझा रक्तगट तुमचाच हाय.”

अण्णांना लगेच कळलं. “न्हाई.”

“ऐकून तर घ्या. एका किडनीवर मानूस नीट जगतं. डॉक्टरच म्हनले.”

“न्हाई म्हनलो ना.”

“काहून पन?”

अण्णांनी समोर उभ्या असलेल्या गाडीकडे बघितलं. मग म्हणाले, “भंगारात निघालेल्या गाडीला नव्या गाडीचं इंजिन कोन बसवतं?”

“तुमी गाडी न्हाई, अण्णा.”

“व्हय. गाडी असतो तर मला विचारलं नसतं कुनी. मानूस हाय म्हनून मी न्हाई म्हनून राहिलो. उद्या तुझं लगीन व्हईल, लेकरू व्हईल. पुन्हा हा विषय काढला तर मी मशीनवर झोपनारच न्हाई. बघ मंग.”

त्यांचा आवाज चढला होता. आजूबाजूची माणसं बघायला लागली. आमची गाडी आली आणि आम्ही चढलो.

मी मायला सांगितलं. माय हळदीच्या वाफ्यात निंदत होती. तिचं खुरपं थांबलं. माझा चेहरा, माझे हात, असं ती वरपासून खालपर्यंत बघत राहिली. तिनं ‘दे’ म्हटलं नाही आणि ‘नको’ही म्हटलं नाही. खाली बसून परत निंदायला लागली. तिच्याकडून काही ऐकायची मला भीती वाटत होती. दोन्हींपैकी काहीही ती बोलली असती तरी मला सोसलं नसतं. पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना एकटी भेटले. पेशंटच तयार नसेल तर पुढे काही करता येत नाही, असं ते शांतपणे म्हणाले. मी खोलीत परत आले तेव्हा अण्णा हात पुढे करून पुस्तक मागत होते. मी दिलं. त्या दिवशी त्यांनी फक्त विरुद्धार्थी शब्द विचारले. आवक, जावक. सुलभ, दुर्लभ. मी सगळे बरोबर सांगितले आणि आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

हिवाळ्यात तांड्यावरचे काका एक दिवस आले नाहीत. लग्नाला गेले असतील, असं आम्हाला वाटलं. पुढच्या वेळी त्यांच्या खाटेवर दुसराच माणूस होता, तरणा, घाबरलेला. अण्णांनी सिस्टरांकडे नुसतं बघितलं.

“गेले ते. घरीच,” सिस्टर म्हणाल्या. “झोपेत.”

सुया टोचल्या, मशीन सुरू झालं. अण्णांनी सवयीने हात पुढे केला, मी पुस्तक दिलं. त्यांनी ते उघडलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. वाचलं काहीच नाही. त्या खोलीत मशीनचा आवाज किती मोठा असतो ते मला पहिल्यांदा कळलं.

मग ते म्हणाले, “याडी.”

“काय?”

“याडी मंजे काय?”

“माय.”

“बराबर,” असं म्हणून त्यांनी पुस्तक मिटून माझ्याकडे दिलं.

परीक्षा आली ती नेमकी डायलिसिसच्या दिवशी. केंद्र नांदेडला. मी जाणार नाही म्हटलं, तर अण्णांनी मायला सांगितलं, “हिला घराभाईर काढ.” त्या दिवशी माय पहिल्यांदा एकटी त्यांना घेऊन हिंगोलीला गेली. मी नांदेडला कॉम्प्युटरसमोर बसले. मराठीचे प्रश्न मला सोपे गेले. वाचायच्या आत उत्तर समोर यायचं. पण गणिताचा आणि बुद्धिमत्तेचा अभ्यास मी कितीतरी दिवसांत केलेला नव्हता. तिथे घड्याळ पळत राहिलं आणि मी मागे पडत राहिले.

संध्याकाळी घरी आले. अण्णांचं ब्लड प्रेशर मशीनवर एकदम खाली गेलं होतं, मायनं आरडाओरडा करून सगळा दवाखाना गोळा केला होता, हे मला नंतर कळलं. अण्णा ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते.

“मराठीत किती?”

“जवळपास सगळे.”

“आन बाकी?”

“बाकीचं न्हाई जमलं.”

त्यांनी मान हलवली. यादी लागली तेव्हा त्यात मी नव्हते. पुढच्या खेपेला अण्णांनी खालाला, सिस्टरांना आणि त्या तरण्या माणसालाही फक्त एवढंच सांगितलं, की पोरीला मराठीत जवळपास सगळे पडले. त्यांच्या आवाजात एवढा आनंद होता की कुणी पुढे काही विचारलं नाही.

त्यानंतर त्यांचे डोळे गेले. पूर्ण नाही, पण अक्षरं दिसेनात. प्रेशरमुळे डोळ्याच्या आत रक्त उतरलंय, असं सांगितलं. आता पुस्तक माझ्याकडे आलं. मी विचारायची आणि ते सांगायचे. इतके दिवस जे शब्द विचारत होते, ते त्यांच्याही डोक्यात बसले आहेत हे मला तेव्हा समजलं. ‘पायापासून डोक्यापर्यंत’ म्हटलं की ते लगेच ‘आपादमस्तक’ म्हणायचे. ‘ज्याचा थांग लागत नाही असे’ म्हटलं की ‘अथांग’. नववीत शाळा सोडलेला माणूस शाळेत पहिला आल्यासारखा खूश व्हायचा. मला वाटायचं, यांना मी आणखी दहा पुस्तकं वाचून दाखवीन.

उन्हाळा सुरू झाला तसं ते चुकायला लागले. आधी अवघड शब्द गेले. ते चालण्यासारखं होतं. मग साधे जायला लागले. एक दिवस ते मला जीपची एक जुनी गोष्ट सांगत होते. वसमतच्या रस्त्याला समोरून उसाचा ट्रॅक्टर आला आणि यांनी गाडी कशी वळवली, असं काहीतरी. सांगता सांगता थांबले.

“मी ते असं फिरवलं... ते... हातात धरायचं... गोल...”

त्यांचा मोकळा हात हवेत फिरत होता. मला शब्द माहीत होता. मी तोंड उघडलं.

“सांगू नको,” अण्णा म्हणाले. “थांब. मला आठवू दे.”

मी थांबले. ते छताकडे बघत राहिले. कपाळावर घाम आला. मशीन संपलं, सुया निघाल्या, पट्टी बांधली, आम्ही बसमध्ये बसलो. अण्णांचा हात अजून हवेत गोल फिरत होता. औंढ्याच्या जवळ आल्यावर एकदम ओरडले, “स्टेअरिंग!”

सगळी बस वळून बघायला लागली. ड्रायव्हरनेही आरशातून बघितलं. अण्णा माझ्याकडे बघून हसले आणि मी पण हसले. पण ज्या चाकावर सगळं आयुष्य गेलं त्याचं नाव शोधायला त्यांना हिंगोली ते औंढा लागलं होतं. मी पुढच्या खेपेपासून पुस्तक नेलंच नाही. त्यांनीही मागितलं नाही. मी त्यांचा मोकळा हात धरून बसायची. मध्येच त्यांनी एखादा शब्द म्हटला, कुठलाही, अर्धवट, तर मी “बराबर” म्हणायची.

डायलिसिसच्याच दिवशी सकाळी ते निघायला म्हणून बाजेवर बसले. मी बाटली भरत होते. “जरा थांब,” असं म्हणून आडवे झाले. त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकून माय गोठ्यातून पळत आली. रस्त्यावरून एक काळी-पिवळी चालली होती, अण्णांच्याच लायनीवरची. ड्रायव्हरनं सगळे प्रवासी उतरवले आणि अण्णांना मागच्या लांब सीटवर झोपवलं. मायनं पाय मांडीवर घेतले, मी डोकं घेतलं. ड्रायव्हर रडत रडत गाडी हाणत होता. औंढ्याच्या अलीकडे, जिथे ते रोज गाडीचा वेग कमी करून नागनाथाच्या दिशेने हात जोडायचे, त्या वळणाच्या आधीच त्यांचा श्वास थांबला. मला ते लगेच कळलं. मायला कळलं नाही. ती पाय चोळत राहिली. मी तिला दवाखान्याच्या दारापर्यंत सांगितलं नाही.

माणसं आली, गेली. सगळे म्हणायचे, सुटले. मला त्या शब्दाचा राग यायचा. ते काही सुटायला बघत नव्हते. वाटीतला घोट तोंडात धरून ठेवणारा माणूस सुटायला बघत नसतो. माय तर रडलीही नाही. दहावं-तेरावं झालं आणि ती शेतात गेली. मला भीती वाटायची तिची.

पावसाळा संपता संपता दुसरी जाहिरात निघाली. मी अर्ज भरला, कारण घरात बसून करायचं काय ते कळत नव्हतं. या वेळी मी गणितावर जोर दिला. वसमतच्या अभ्यासिकेत परत जागा घेतली, बसने जायला लागले. शब्दसंग्रहाचं पुस्तक मी उघडलं नाही. मला ते उघडता येत नव्हतं.

परीक्षेच्या हॉलमध्ये मराठीचा भाग आला. प्रत्येक प्रश्न मला अण्णांच्या आवाजात ऐकू यायला लागला. अडखळत, जोडाक्षरापाशी थांबत, श्वास घेऊन परत सुरू करत. उत्तरं येत होती. एकामागून एक येत होती. आणि मला ती नको होती. मला वाटत होतं, हे सगळे शब्द आणि ते सगळे दिवस कुणीतरी परत घ्यावेत, मला एकही शब्द येऊ नये, आणि अण्णांनी वसमतच्या अभ्यासिकेसमोर जीप थांबवून मला उतरवावं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सुपरवायझर बाई जवळ आल्या, बरं वाटत नाही का म्हणून विचारलं. मी मान हलवली आणि गणिताच्या भागाकडे वळले. तिथे काही ऐकू येत नव्हतं. तिथे मला बरं वाटलं.

निकाल मोबाईलवर आला तेव्हा मी घरी एकटी होते. यादीत माझं नाव होतं. मी परत परत बघितलं. मग चप्पल घालून शेताकडे निघाले. हळद कमरेच्या वर आली होती, पानं पिवळी पडायला लागली होती. माय पलीकडच्या धुऱ्याच्या बांधाशी म्हशीसाठी गवत कापत होती. मला लांबून येताना बघून ती उभी राहिली. मी अशी घाईने शेतात कधीच आले नव्हते, त्यामुळे तिच्या तोंडावरचा रंग उडालेला मला दिसला.

“चांगलं हाय,” मी लांबूनच ओरडले. “माय, चांगलं हाय. लागली मी. तलाठी.”

ती तशीच उभी होती. मी जवळ गेले.

“कुठं?”

“ते अजून यायचंय. सेनगाव, पुसेगावकडं मिळंल म्हनतेत.”

“लांब हाय.”

“लई न्हाई. तू पन चल.”

तिनं मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. मग ती विळा हातात तसाच धरून धुऱ्यावर खाली बसली आणि रडायला लागली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. तोंडावर पदरही घेतला नाही तिनं. लहान लेकरासारखी, तोंड उघडं टाकून, आवाज करून. मी तिच्याजवळ बसले. तिच्या हातातून विळा काढून घेतला, कारण तो तिच्या पायाशी होता. पलीकडच्या शेतातली बाई कामावरून मान वर करून बघत होती. तिला वाटलं असेल, पुन्हा काही झालं की काय. ती यायला निघाली, अर्ध्या रस्त्यात थांबली, आणि आम्हाला तसंच बसू देऊन परत गेली.

खूप वेळानं मायचं रडणं ओसरलं. तिनं हातांच्या पाठीनं तोंड पुसलं. कापलेलं गवत थोडंच झालं होतं. ती उठली, माझ्या हातातून विळा घेतला आणि वाकून कापायला लागली. मी तिच्या मागं पेंढ्या बांधत गेले.